ऊब न गळणारं बीळ

फार लांब नाही आणि फार पूर्वीही नाही, एक अरण्य होतं. तिथे अस्वलाचं राज्य होतं. राज्य अस्वलाचं असलं तरी कारभार लोकशाहीचा होता. म्हणजे दर पाच वर्षांनी निवडणूक व्हायची, तिला अस्वल उभं राहायचं आणि बाकीच्यांनी बसून राहायचं. या पद्धतीनं भुरेश्वर महाराज इतक्या वेळा बहुमतानं निवडून आले होते की अल्पमत कसं दिसतं हे सांगणारं कुणी जिवंत उरलं नव्हतं.

अरण्य डोंगराच्या पाठीवर होतं आणि पौष-माघात तिथे हाडं गोठायची. पण देव दयाळू. त्यानं डोंगराच्या माथ्यावर गरम पाण्याचे झरे दिले होते. पूर्वी ज्याला थंडी वाजेल तो उठायचा, झऱ्याकाठी जाऊन बसायचा आणि अंग शेकलं की घरी यायचा. यात शिस्त कसली ती नव्हती. म्हणून सरकारनं उष्मा मंडळ स्थापन केलं. मंडळाचे अध्यक्ष नक्रसेन मगर झाले. झऱ्यांची देखभाल जवळून करता यावी म्हणून ते झऱ्यातच राहू लागले, आणि देखभाल मोठी असल्यामुळे त्यांचे सासरचेही येऊन राहिले.

झऱ्याचं पाणी बांबूच्या नळांतून घरोघरी जायचं. माथ्यावरच्या गुहांत ते कढत पोचायचं, मधल्या वस्तीत कोमट, आणि खालच्या वस्तीत नुसतंच पाणी पोचायचं. पाणीपट्टीचे कंद मात्र सगळ्यांकडून सारखेच घेतले जायचे, कारण मंडळ भेदभाव करत नसे.

पुढे झऱ्यांत मगरींची दाटी झाली आणि माथ्यावरचं पाणीही कोमट येऊ लागलं. मंडळानं अभ्यास केला. अभ्यासात असं निघालं की दोष झऱ्याचा नाही, दोष प्रजेच्या घरांचा आहे. घरांना फटी आहेत, फटींतून ऊब गळते, आणि प्रजा राष्ट्राची ऊब बाहेर सोडते. यावर उपाय म्हणून योजना आली. मंडळ प्रत्येक घराच्या फटी वाळक्या गवतानं फुकट बुजवून देणार होतं.

झऱ्याकाठच्या शुभारंभाला स्वतः महाराज आले. अंगावर वीतभर जाडीची केसांची गोधडी, त्यावर शाल.

"बंधूंनो, भगिनींनो आणि अंडी उबवणाऱ्या माझ्या मातांनो!" महाराज म्हणाले. "थंडी म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मी तिच्याबद्दल लहानपणापासून ऐकत आलो आहे. आजपासून या अरण्यात एकही फट उघडी राहणार नाही. फट दिसेल तिथे..."

"गवत बसेल!" प्रजा ओरडली. नंतर टाळ्यांचा कडकडाट झाला आणि बराच वेळ थांबला नाही, कारण टाळ्या वाजवल्या की पंजे गरम होतात.

शेवटी नक्रसेन पाण्यातून तोंड वर काढून एवढंच म्हणाले, की योजना सर्वांसाठी आहे, लाभ पात्र लोकांसाठी आहे.

खालच्या वस्तीत हौसा नावाची साळिंदर राहायची. घरात ती आणि तिची सासू ठकूबाई. हौसाचा नवरा मागल्या निवडणुकीत बिबट्यांच्या पक्षात प्रवेश करायला गेला होता आणि त्यांनी त्याला सामावून घेतलं. तेव्हापासून घरात दोघीच. ठकूबाईंचे काटे म्हातारपणी झडून गेले होते. त्या अंगानं सोललेल्या रताळ्यासारख्या दिसायच्या. जीभ तेवढी काटेरी राहिली होती. पहाट झाली की त्या नळाला शिव्या द्यायच्या, मग मंडळाला, मग वेळ उरला तर सुनेला.

"हौसा, औंदाचा पौष काय मला निभत न्हाई बघ," त्या एक दिवस म्हणाल्या. "पाठीचं पार लाकूड झालंय."

"असं वंगाळ बोलू नगा, आत्याबाई. गवत येतंय की फुकट."

"फुकट येतंय म्हंजे येत न्हाई. एवढं वय झालं माझं, मला नगं सांगू."

पण हौसा आशेनं मंडळात अर्ज देऊन आली. गवत नाही मिळालं तर आत्याबाई माघ बघणार नाहीत, हे तिला दिसत होतं. सासूशी तिचं रोज वाजायचं. पण ज्या घरात भांडायलाही कुणी नाही ते घर कसलं, असं तिला वाटे. ती मनापासून घाबरली होती.

काही दिवसांनी पाहणी अधिकारी आले. ते चोपडे नावाचं उदमांजर होतं. अंगावर दाट मऊ केस, बोलणं अदबीचं, आणि बरोबर तीन मदतनीस, तेही केसाळच. आमच्याकडे केसाळ असल्याशिवाय सरकारी नोकरी लागत नाही. तसा नियम नाही, पण लागत नाही. चौघं बिळात शिरले आणि चोपड्यांनी थैलीतून सावरीच्या कापसाचा एक तंतू काढला. तंतू दाराच्या फटीपाशी धरायचा. तो बाहेरच्या बाजूला उडाला तर घरातून ऊब गळते, म्हणजे घर पात्र. अशी मंडळाची शास्त्रीय पद्धत होती.

चोपड्यांनी आल्याआल्या तंतू धरला. तो लोंबत राहिला. जरा हलला तोही आतल्या बाजूला.

"अभिनंदन, हौसाबाई!" चोपडे म्हणाले. "तुमच्या घरातून अजिबात ऊब गळत नाही. तुम्ही अपात्र आहात."

"सायेब, घरात असंल तर गळंल न्हवं?"

"घरात ऊब आहे की नाही हे आम्ही बघत नाही. तो पुरवठा विभाग. आमचा विभाग गळतीचा."

"मग पुरवठा इभागाला सांगू का?"

"जरूर सांगा. ते गळतीचा अहवाल मागतील. अहवालात लिहिलेलं आहे की गळती नाही. ज्या घरातून ऊब गळत नाही त्या घरात ती साठून असणार, असं ते धरतात."

हौसानं रीतीप्रमाणे पाहुण्यांपुढे कंद ठेवले. कंद आले म्हटल्यावर चौघं ऐसपैस बसले. चोपड्यांनी सांगितलं की आतापर्यंत खरं पात्र असं एकच घर सापडलं आहे, ते म्हणजे महाराजांची गुहा. तिला दार नाही, आतून दोन झरे वाहतात, आणि तिथे धरलेला तंतू डोंगरापलीकडे जाऊन पडला. तेवढी गळती साऱ्या खालच्या वस्तीत मिळून नाही. त्यामुळे पहिलं गवत तिकडे द्यावं लागलं. नियमच तसा आहे, त्याला महाराजांचाही नाइलाज झाला.

हे बोलणं बराच वेळ चाललं. एकाएकी कोपऱ्यातून ठकूबाई म्हणाल्या, "हौसा, माझ्या अंगावर काय घातलंस गं?"

"काय न्हाई, आत्याबाई."

"मग दात वाजायचं कसं थांबलं?"

हौसानं पाहिलं. बीळ लहान, आत चार केसाळ देह, पोटात गरम कंद. भिंतीवर दव धरलं होतं. चोपडे वारा घेत होते. आणि ठकूबाई कितीतरी दिवसांनी पाय पसरून बसल्या होत्या. पाहुणे गेल्यावर थोड्या वेळात बीळ पुन्हा गार झालं आणि दात पुन्हा वाजू लागले. हौसा रात्रभर दाराशी बसून विचार करत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं मंडळाकडे तक्रार केली की पाहणी नीट झाली नाही.

आता आमच्या अरण्याची एक जुनी रीत सांगायला हवी. आमच्याकडे तक्रार कधी फेटाळत नाहीत. तक्रार फेटाळणं असभ्यपणाचं मानतात. तक्रार आली की समिती नेमतात. आणि पहिल्या पाहणीपेक्षा फेरपाहणीला वजन असावं म्हणून समितीत आधीपेक्षा जास्त आणि जास्त वजनाचे सदस्य घेतात. म्हणून हौसाच्या बिळात एक रानडुक्कर, दोन भेकरं, एक केसाळ वानर आणि पुन्हा चोपडे असे आले. हौसाला काटे असल्यामुळे तिला दाटीत बसता येईना. ती दारातच पाठ करून बसली, त्यामुळे दाराची फटही आपोआप बुजली.

समितीनं विषय समजून घेतला. मग कंद खाल्ले. मग ऊब या शब्दाची व्याख्या करायची ठरली आणि त्यावरून रानडुक्कर व वानर यांचं वाजलं. ठकूबाई रानडुकराच्या कुशीला पाठ लावून घोरू लागल्या. डुक्कर भलं होतं, ते हललं नाही. संध्याकाळी निर्णय राखून ठेवून समिती उठली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

असा पौष निम्मा सरला. समिती कंटाळली की हौसा नवी हरकत काढायची. कधी म्हणायची, बीळ मी खणलेलं नाही, आधी इथे घोरपड राहायची, मग मालक कोण? समिती त्यावर चर्चा करायची. कधी म्हणायची, सासू आणि सून हे एक घर की दोन? त्यावर तर चर्चेला रंग चढला, कारण प्रत्येक सदस्याच्या घरी हा प्रश्न होताच. ठकूबाईंच्या गालांवर रंग आला. त्या आता रोज सकाळी विचारायच्या, "आज सरकार कवा येणार?" आमच्या अरण्याच्या इतिहासात सरकारची एवढी वाट कुणी पाहिली नसेल.

पण समितीतलं एक भेकर तरुण होतं आणि कामाचं होतं. अशी एखाददुसरी चूक भरतीत होते. त्यानं एक दिवस सगळे बसलेले असताना सावरीचा तंतू काढला आणि हौसाला जरा बाजूला सरकायला सांगून दारापाशी धरला. तंतू भुर्रकन बाहेर उडाला.

"गळती!" भेकर आनंदानं ओरडलं. "बाई, तुमच्या घरातून ऊब गळते! तुम्ही पात्र आहात!"

सगळ्या समितीनं हौसाचं अभिनंदन केलं. रानडुकरानं तर डोळे पुसले. इतके दिवस बसून एका गरीब घराला न्याय मिळाला होता. काम संपलं म्हणून समिती बरखास्त झाली आणि आपापल्या घरी गेली.

हौसा धावत गवताच्या गोदामावर गेली. गोदामाचा ठेका एका गव्याकडे होता. गवत सांभाळायला गवा का नेमला असं पूर्वी एका सशानं विचारलं होतं. त्यावर मंडळानं सांगितलं होतं की गवताचा अनुभव असलेला दुसरा कुणी अर्जदार आला नाही. गोदामात गवा आडवा झाला होता. पोट जमिनीला टेकलेलं. त्याच्या शिंगाला एक काडी अडकली होती, बाकी गोदाम झाडून काढल्यासारखं स्वच्छ होतं.

"मी पात्र हाय," हौसा म्हणाली. "गवत द्या."

"छान," गवा रवंथ करत म्हणाला. "गवतात घट येते, बाई. हवेमुळे येते. पुढच्या वर्षीचं उगवलं की आधी तुम्हालाच."

"अवो, पुढच्या वर्सापतूर सासू जगली पायजे की!"

"जगू दे की. आमची काही हरकत नाही."

हौसा रिकाम्या हातांनी घरी आली. बिळात कुणी नव्हतं. पात्र घरी कोण पाहणीला येणार? थंडी दोन दिवसांत पुन्हा कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसली. तिसऱ्या सकाळी ठकूबाईंनी नळाला शिव्या दिल्या नाहीत. मंडळालाही दिल्या नाहीत. हौसानं मुद्दाम त्यांच्यासमोर कंद करपवला, तरी त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. तेव्हा हौसा तशीच उठली आणि डोंगर चढून महाराजांच्या जनता दरबारात जाऊन उभी राहिली.

दरबारात रोज पुष्कळ लोक यायचे. सगळे म्हणायचे, आम्ही पात्र आहोत. महाराज सगळ्यांना म्हणायचे, बघतो. हौसा म्हणाली, "म्हाराज, मी पात्र न्हाई."

हे वाक्य तिथे पूर्वी कुणी उच्चारलं नव्हतं.

"यात विरोधकांचा हात आहे," नक्रसेन घमेल्यातून म्हणाले. झऱ्याबाहेर यायचं म्हणजे त्यांना गरम पाण्याच्या मोठ्या घमेल्यात बसवून आणावं लागे.

"पात्र नाही म्हणजे? समितीनं तंतू धरून पाहिला ना?" महाराजांनी विचारलं.

"धरला म्हाराज, आणि उडाला बी. पर ती ऊब माझी न्हवं. माझ्या घरात ऊब हाय कुठं? सायेब लोक बसलं हुतं, त्यांच्या अंगाची ऊब ती. समिती गेली, ऊब गेली. आता तंतू हलत बी न्हाई. म्हातारं माणूस लाकडावानी पडलंय. माझी पात्रता काढून घ्या, आणि पुन्यांदा सायेब धाडा."

हे ऐकून काही लोक हसले. चोपडे हसले नाहीत. ते पायाकडे बघत राहिले. महाराज मात्र गंभीर झाले. वीतभर केसांच्या खाली त्यांचं डोकं राजकारणाला फार चांगलं होतं.

"थांबा," ते म्हणाले. "समितीच्या अंगाची ऊब म्हणजे कुणाची ऊब?"

"सरकारी," चोपडे हळूच म्हणाले.

"म्हणजे या बाईच्या घरातून सरकारी ऊब गळली?"

दरबारात खळबळ माजली. सरकारी ऊब! तीही बाहेर! कुणी म्हणालं बाईला शिक्षा करा, कुणी म्हणालं भेकराला करा. एकानं तर विचारलं की उडालेला तंतू सीमेपलीकडे गेला नाही ना. नक्रसेनांनी घमेलं महाराजांच्या कानापाशी न्यायला लावलं आणि कुजबुजले की बाई पात्र ठरली तर गवत द्यावं लागेल, आणि गवत, महाराज, हवेमुळे घटलं आहे.

"आणि अपात्र ठरवली तर?"

"मग कारण द्यावं लागेल."

गवत देणं अवघड होतं आणि कारण देणं त्याहून अवघड. महाराज उठून उभे राहिले.

"प्रजाजनहो! आमचं सरकार घाईत निर्णय घेणारं सरकार नाही. ही बाई पात्र आहे की नाही, हा प्रश्न या एका बिळाचा नाही, तो राष्ट्राचा आहे. तो सुटेपर्यंत मी स्वस्थ बसणार नाही. माझ्या वतीनं एक स्थायी समिती बसेल. ती त्या बिळातच बसेल. गळती सुरू होते कधी आणि थांबते कधी, हे ती रात्रंदिवस बघेल. तोवर या बाईंचं प्रकरण विचाराधीन राहील!"

टाळ्या वाजल्या. हौसानं महाराजांना वाकून नमस्कार केला. तिचे डोळे खरंच भरून आले होते. सरकारनं आपल्यासाठी एवढं केलेलं तिच्या घराण्यात कुणाला आठवत नव्हतं.

त्याच संध्याकाळी स्थायी समिती बिळात येऊन बसली. त्यात दोन रानडुकरं होती, चोपडे स्वतः नेमणूक मागून घेऊन आले होते, आणि महाराजांचा एक पुतण्या अस्वलही होता, त्याला दुसरं काम नव्हतं. पुतण्याच्या पोटाशी ठकूबाईंना ठेवलं. बराच वेळ त्या निपचित होत्या. हौसा दारात बसून पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होती. मग आतून खणखणीत आवाज आला.

"कुणाचं ह्ये मेल्याचं धूड? जरा सरकून बस की रं, भाड्या! सरकारी हाईस म्हून घर तुझ्या बापाचं का?"

हौसा दारातच ढसाढसा रडली. समितीनं ही प्रतिक्रिया नोंदवण्याजोगी नाही असं एकमतानं ठरवलं.

माघ गेला. शिमगा आला. ठकूबाई उन्हात बसून समितीच्या एकेका सदस्याचा उद्धार करू लागल्या. एव्हाना खालच्या वस्तीत ही गोष्ट फुटली होती. ससे, पिसोऱ्या म्हणजे सशाएवढी हरणं, मुंगसं, सगळे मंडळाच्या दारात रांगा लावून म्हणू लागले, आम्हाला पात्र करू नका, आमचं विचाराधीन ठेवा. मंडळाला यात काही गैर दिसेना. गवत मागणाऱ्यांपेक्षा हे बरे. समित्यांना सदस्य कमी पडू लागले, तेव्हा ज्याच्या अंगावर केस आहेत त्याला घेतलं. मग बाकीच्यांनाही घेतलं. पुढल्या हिवाळ्यात ससे मुंगसांच्या बिळात सदस्य म्हणून बसले, मुंगसं पिसोऱ्यांच्या झुडपात बसली, आणि जो तो दुसऱ्याच्या घरी दाटीवाटीनं बसून राष्ट्राची गळती बघू लागला. त्या हिवाळ्यात खालच्या वस्तीत कुणी थंडीनं मेलं नाही.

मंडळानं डोंगरावर फलक लावला: "थंडी हटली! महाराजांचे आभार!" खाली नक्रसेनांचं चित्र होतं, गळ्यापर्यंत पाण्यात.

एका पिसोरीनं विचारलं, "आपणच एकमेकांच्या घरी बसलोय. ऊब आपली, कंद आपले. मग यात मंडळाचं काय?" प्रश्न योग्य होता, म्हणून तिला त्यावर नेमलेल्या समितीची अध्यक्ष करण्यात आलं. आता ती असं विचारत नाही. तिला बसायला मोठी गुहा आहे.

हौसाचं प्रकरण अजून विचाराधीन आहे. गवत अजून कुणालाही मिळालेलं नाही. पण मिळणार नाही असंही सरकारनं कुणाला कळवलेलं नाही, आणि तेवढ्यावर आमच्याकडे दोन निवडणुका पार पडल्या.